जुनं डिझेल लोको घ्यायचंय? आधी छप्पर बघा, मग लोको

आमच्या ग्रुपने रेल्वेचं जुनं डिझेल लोको घ्यायचं ठरवलं तेव्हा घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, "ठेवणार कुठे?" आम्ही सगळे हसलो. तो एकच प्रश्न कामाचा होता हे कळायला दोन हिवाळे जावे लागले. तोपर्यंत लोको उघड्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) उभं, छतावरच्या सांध्यातून पाणी थेट इलेक्ट्रिकल क्युबिकलमध्ये (विजेच्या स्विचच्या कपाटात), आणि आम्ही दर शनिवारी ताडपत्री बांधतोय, रविवारी वारा ती उडवतोय, असा कार्यक्रम.

मी राहतो इंग्लंडमध्ये, लहानपण गेलं कल्याणला, डिझेल शेडच्या धुराचा वास अजून नाकात आहे. इथे बंद पडलेले छोटे रेल्वेमार्ग लोकांनी स्वतः चालवायला घेतलेत, त्यांना हेरिटेज रेल्वे म्हणतात, बहुतेक काम व्हॉलंटियर करतात आणि बहुतेक ठिकाणी स्पीड ताशी २५ मैलांच्या वर नाही, म्हणजे आपले साधारण ४० किलोमीटर. अशा रेल्वेसाठी किंवा अशा रेल्वेवर ठेवायला डिझेल लोको कसं घ्यायचं हे मी जरा तपशिलात लिहितोय, कारण मला दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगतो.

एक खुलासा आधीच. मराठीत आपण आख्ख्या गाडीलाही इंजिन म्हणतो आणि आतल्या मशीनलाही, त्यात घोळ होतो म्हणून इथे पूर्ण गाडी म्हणजे लोको आणि आतलं डिझेल मशीन म्हणजे इंजिन.

आणि वाफेच्या लोकोच्या चाहत्यांनी नाक मुरडायच्या आधी एक गोष्ट ऐका. लीड्सची मिडलटन रेल्वे ही व्हॉलंटियर लोकांनी चालवलेली पहिली स्टँडर्ड गेज (नेहमीच्या रुंदीच्या रुळांची) रेल्वे, जून १९६० मध्ये त्यांनी आठवडाभर पॅसेंजर सर्व्हिस चालवली, डबा होता वेल्समधल्या स्वान्सी अँड मंबल्स लाइनची जुनी डबलडेकर ट्राम आणि ती ओढत होतं हन्सलेट कंपनीचं १९३० च्या दशकातलं डिझेल लोको. म्हणजे स्टँडर्ड गेजवर तरी या प्रकाराची सुरुवात डिझेलवर झालीय.

काम काय आहे ते आधी लिहून काढा

कागद घ्या आणि लोकोने काय करायचं ते लिहा. यार्डात डबे इकडून तिकडे करायचेत? वाफेचं लोको मध्येच फेल झालं तर गाडी ओढून आणायचीय? रोजच्या पॅसेंजर गाडीला लावायचंय? की वर्षातून दोनदा डिझेल गाला (डिझेल लोकोची जत्रा) करून तिकिटं विकायचीत? या चार कामांना चार वेगळी लोको लागतात, आणि "सगळंच करेल" असं लोको शोधणारा माणूस शेवटी जे दिसायला भारी ते घेऊन येतो.

सध्या डिझेलची गरज वाढलीय हे खरंय. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात वाफेच्या लोकोच्या ठिणग्यांनी रुळालगतचं गवत पेटायची भीती होती म्हणून कितीतरी रेल्वेंनी ऐन सीझनमध्ये डिझेल लावलं. त्यात वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तिचा कोळसा बऱ्याच हेरिटेज रेल्वे वापरायच्या, आता बाहेरून आणावा लागतो. त्यामुळे मॅनेजमेंटमध्ये डिझेल नको असं आता फारसं कोणी म्हणत नाही, पण "हो आणा" म्हणणं आणि शेडमध्ये जागा देणं यात फरक आहे.

कोणतं घ्यायचं

शंटिंगसाठी, म्हणजे यार्डात डबे हलवायला, क्लास ०८, डोळे झाकून (क्लास म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा, म्हणजे तेव्हाच्या सरकारी रेल्वेचा, मॉडेल नंबर). ९९६ बनली होती, १९५२ ते १९६२ मध्ये, ३५० हॉर्सपॉवरचं इंग्लिश इलेक्ट्रिकचं सहा सिलिंडर इंजिन, टर्बो नाही, काही नाजूक नाही, पार्ट मिळतात आणि ते दुरुस्त करता येणारी माणसं अजून जिवंत आहेत, हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. तोटा म्हणजे स्पीड, ताशी १५-२० मैल, पॅसेंजर गाडीला लावलं की लोक घड्याळ बघायला लागतात.

छोट्या लाइनवर दोन्ही कामं करायला क्लास १४ छान, ५६ च बनली स्विंडनला १९६४-६५ मध्ये, ६५० हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत विजेऐवजी तेलाने जाते). ब्रिटिश रेल्वेला यांचं काम काही वर्षांतच संपलं आणि १९६९ पर्यंत सगळी काढून टाकली. पण बरीच कोळसा खाणींनी आणि स्टीलवाल्यांनी विकत घेतली म्हणून भंगारातून वाचली. याला लोक टेडी बेअर म्हणतात. हायड्रॉलिकचं एक लक्षात ठेवा, इलेक्ट्रिकवाला मेकॅनिक तिथे उपयोगाचा नाही, वेगळा माणूस लागतो.

पॅसेंजरसाठी क्लास २० (१००० हॉर्सपॉवर, २२८ बनली) किंवा क्लास ३७ (१७५० हॉर्सपॉवर, ३०९ बनली, १९६० ते ६५). दोन्ही इंग्लिश इलेक्ट्रिक, इंजिनाची फॅमिली एकच, १० इंच बोअर १२ इंच स्ट्रोक, क्लास ५० मध्येही तीच, फक्त सिलिंडर ८, १२ आणि १६. म्हणून स्पेअरचा बाजार अजून बरा आहे. आणि माझा इथे थोडा पक्षपात आहे तो सांगून टाकतो. बरीच ३७ ज्या न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली, तिथूनच आपल्या जीआयपी रेल्वेची (आजची मध्य रेल्वे) १८५३ ची पहिली लोको आली होती आणि मुंबई-पुणे लाइनवरची विजेवर चालणारी डब्ल्यूसीएम-१ पण, जी डेक्कन क्वीनला लागायची. त्यामुळे ३७ च्या कॅबमध्ये चढलो की मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. हे लोको घ्यायचं कारण होऊ शकत नाही, पण झालं.

डेल्टिक, वेस्टर्न, हायमेक या क्लासच्या लोकोंच्या वाटेला नवीन ग्रुपने जाऊ नये. वेस्टर्नमध्ये एक नाही दोन मेबाख कंपनीची इंजिनं आहेत. ७४ बनली, ७ उरलीत, ती सगळी आधीच कोणाकोणाची आहेत.

मग तुमच्या लाइनशी जुळवा. रूट अव्हेलेबिलिटीचा, म्हणजे आरएचा, आकडा बघा (कोणत्या लाइनवर किती जड लोको चालेल ते त्यावरून कळतं), ०८, २० आणि ३७ तिन्ही आरए ५, क्लास ५० आणि ४७ आरए ६, तुमच्या लाइनवरच्या एखाद्या जुन्या पुलाला ६ चालत नसेल तर विषय संपला. मग ब्रेक. हेरिटेज रेल्वेचे डबे बहुतेक ब्रिटिश रेल्वेचे जुने मार्क १, व्हॅक्यूम ब्रेकवाले (हवा शोषून चालणारे ब्रेक), आणि शेवटच्या काळात बऱ्याच डिझेलवरचं व्हॅक्यूमचं सामान काढून फक्त एअर ब्रेक ठेवला होता. एक्झॉस्टर (व्हॅक्यूम तयार करणारे पंप) आहेत का, चालतात का हे बघितल्याशिवाय फोनही करू नका, कारण ते परत बसवणं म्हणजे आणखी एक प्रोजेक्ट. तसंच हीटिंगचं. डबे गरम करायला लोकोतून वाफ लागते आणि ती बनवणारा लोकोतला बॉयलर कधीच काढलाय, अशी जोडी असेल तर डिसेंबरच्या सांता स्पेशलला पोरं कुडकुडतात आणि आईबाप रिफंड मागतात.

मालक कोण

हे कंटाळवाणं आहे पण इथेच ग्रुप फुटतात. एकट्याने घेतलं तर निर्णय पटकन होतात पण तो माणूस आजारी पडला, गेला, घटस्फोट झाला की लोको अडकतं. दहा मित्रांनी तोंडी ठरवून घेतलं तर त्याहून वाईट. कंपनी किंवा चॅरिटी रजिस्टर करा, शेअर किती, विकायचे झाले तर कोणाला, सगळं लिहा. चॅरिटी असेल तर गिफ्ट एड मिळतो, टॅक्स भरणाऱ्या माणसाने १०० पाउंड देणगी दिली की सरकारकडून वर २५, ही रक्कम वर्षभरात बरीच होते.

दुसरा कागद म्हणजे तुमचा ग्रुप आणि रेल्वे यांच्यातला करार. लोको कुठे उभं राहणार, छपराखाली वर्षातले किती दिवस, डिझेल कोणाचं, भाडं दिवसाला की मैलाला, ड्रायव्हर कोण देणार, बिघडलं तर कोणी दुरुस्त करायचं, आणि उद्या रेल्वेने "घेऊन जा" म्हटलं तर किती महिन्यांची मुदत आणि नेण्याचा खर्च कोणाचा. आमच्याकडे छपराचं वाक्य "शक्य असेल तेव्हा" असं होतं. शक्य कधीच झालं नाही.

बघायला जाताना

आता मुख्य भाग, इथे घाई करू नका. एकटे जाऊ नका, त्या क्लासवर काम केलेला माणूस बरोबर न्या, त्याचा प्रवासखर्च आणि जेवण द्या, तो तुमचे हजारो पाउंड वाचवेल. बॉयलर सूट, टॉर्च, आरसा, मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर), रिकाम्या बाटल्या ऑइल सॅम्पलसाठी.

पहिल्यांदा विचारा, शेवटचं कधी चालू झालं आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात पाणी काढलं होतं का. आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यातच हे येत नाही, कल्याणला कुठे बर्फ पडतो, पण इथे कूलिंगचं पाणी आत राहिलं आणि गोठलं तर रेडिएटर तर जातोच, हेड आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. विकणारा "हो हो, काढलं होतं" म्हणतो. ड्रेन कॉक उघडे आहेत का ते स्वतः बघा. एका यार्डात, नाव नको, मला तेच सांगितलं होतं आणि कॉक गंजून बंद अवस्थेतच घट्ट बसलेला होता, त्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

मग डिपस्टिक. ऑइलची पातळी जास्त दिसली तर खुश होऊ नका, पाणी खाली गेलेलं असतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. सॅम्पल लॅबला पाठवा, बेअरिंगचा धातू किती आहे ते कळतं, खर्च किरकोळ आहे. क्रँककेसची झाकणं उघडू देत असतील तर उघडा, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या सीलमधून पाण्याच्या ओघळाचे डाग दिसतात. झाकणं उघडूच देत नसतील तर तेही एक उत्तर समजा.

इंजिन फिरतं का बघायचं तर सिलिंडरचे टेस्ट कॉक उघडे ठेवून हाताने, बारने (लोखंडी दांड्याने) फिरवायचं, पूर्ण दोन फेऱ्या. स्टार्टर दाबून कधीच नाही. कॉकमधून पाणी आलं तर तुम्ही वाचलात, कारण पाणी भरलेल्या सिलिंडरवर स्टार्ट मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

इलेक्ट्रिकल बाजूला जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटरची (चाकं फिरवणाऱ्या मोटरची) झाकणं काढून कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) बघा, एकसारखा चॉकलेटी असेल तर उत्तम, काळे चट्टे किंवा वितळल्याच्या खुणा असतील तर फ्लॅशओव्हर (आत मोठी ठिणगी उडून जळणं) झालेला आहे. मेगर लावा. बरीच वर्षं ओल्यात उभ्या असलेल्या मोटरचं रीडिंग कमी येणारच, त्याने घाबरू नका, हीटर लावून वाळवल्यावर वर येतं का ते महत्त्वाचं, पण विकणारा तेवढा वेळ देत नाही, म्हणून किंमत ठरवताना एक मोटर रिवाइंड करावी लागेल असं धरूनच चाला. केबलचं जुनं रबर वाकवून बघा, तुटत असेल तर पूर्ण रिवायरिंग, आणि रिवायरिंग हा शब्द ग्रुपमध्ये सावकाश उच्चारा.

बॅटऱ्या बहुतेक गेलेल्याच असतात किंवा चोरीला. मोठ्या लोकोला ११० व्होल्टचा सेट लागतो, ०८ ला ९०, आणि त्याच बॅटरीने जनरेटरला मोटरसारखं फिरवून इंजिन सुरू करायचं असतं, तेव्हा लहानसहान बॅटरी चालत नाही. नवीन सेटचा भाव ऐकून आमचे खजिनदार दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

चाकं बघताना टायरची जाडी, फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड), सपाट झालेले डाग, आणि रिपोर्ट असेल तर एक्सलच्या अल्ट्रासॉनिक टेस्टची तारीख. बाहेरचा पत्रा सडलेला असेल तर त्याचं टेन्शन सगळ्यात शेवटी घ्या. नवीन लोक उलटं करतात, रंग उडालेला बघून नाराज होतात आणि चकचकीत दिसणारं घेऊन येतात. पत्रा कापून लावता येतो. फक्त कॅबखालचे आणि बॅटरी बॉक्सजवळचे मुख्य सांगाड्याचे भाग हातोडीने ठोकून बघा.

आणि अ‍ॅस्बेस्टॉस. त्या काळच्या लोकोत एक्झॉस्टच्या आवरणात, कॅबच्या भिंतीत, बॉयलरच्या आसपास, कुठेही असू शकतो. सर्व्हे रिपोर्ट मागा, नसेल तर त्यातल्या जाणकार माणसाकडून करून घ्या. हे स्वतः खरवडायचं काम नाही, मास्क लावून पण नाही.

किंमत आणि कागद

खालचा भाव भंगाराच्या दराने ठरतो, ३७ म्हणजे १०० टनांच्या वर लोखंड-तांबं, त्यामुळे त्या दिवशी भंगारवाला काय देईल हा तुमचा खरा प्रतिस्पर्धी. त्यावर किती द्यायचं हे तुमच्या दुरुस्तीच्या यादीवरून ठरवा. मोठ्या कंपन्या बहुतेक बंद लिफाफ्याने टेंडर काढतात, "जसं आहे जिथं आहे" तत्त्वावर, विकणारा व्हॅट रजिस्टर्ड असेल तर बोलीवर २० टक्के व्हॅट वेगळा, हे विसरून एका ग्रुपची फजिती झालेली मी बघितलीय.

करारात लोकोचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि जे जे पार्ट बरोबर मिळणार त्याची यादी फोटोसकट लावा. बघून गेल्यानंतर आणि उचलायच्या आधी पार्ट गायब होणं हा इथला जुना आजार आहे. किती दिवसात न्यायचं आणि उशीर झाला तर यार्डाचं भाडं किती, तेही वाचा. लोको खरंच विकणाऱ्याचं आहे ना, त्यातले पार्ट दुसऱ्या कोणी उसने दिलेले नाहीत ना, हे लेखी घ्या.

एकूण बजेटचं माझं गणित असं, लोकोची किंमत, वाहतूक, बॅटऱ्या, ऑइल, फिल्टर, होस पाइप, हे सगळं बेरीज करा आणि मग विचारा की एवढेच पैसे पुन्हा जमवता येतील का. येत नसतील तर छोटं लोको घ्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, हे इथे अक्षरशः खरं आहे.

आणायचं कसं

रेल्वेमार्गाने ओढून आणायचं तर मेनलाइनवर चालण्याजोगं आहे अशी तपासणी लागते, चाकं, एक्सल, ब्रेक पाइप सगळं, बरीच वर्षं उभ्या असलेल्या लोकोला ते झेपत नाही. मग लो-लोडर (बुटका, अवजड ट्रेलर). ०८ सुमारे ५० टनांचं, ते सोपं. ३७ ट्रेलरसकट रस्त्यावरचं अवजड प्रकरण होतं, पोलिसांना, रस्ते आणि पूलवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते, ते काम वाहतूकवाला करतो, पण त्याला शेवटचा अर्धा मैल तुम्हीच दाखवायचा. आमच्याकडे मोटरवेवर काही अडलं नाही, अडलं स्टेशनच्या गल्लीत, कोपऱ्यावर पार्क केलेल्या एका छोट्या लाल गाडीमुळे, तिचा मालक सुट्टीवर. क्रेनचं भाडं तासावर असतं. आदल्या दिवशी गल्लीत घरोघरी चिठ्ठ्या टाका.

आल्यावर

लगेच स्टार्ट मारू नका, सगळे आग्रह करतील, कोणीतरी कॅमेरा घेऊन आलेला असेल, तरी नाही. डिझेल टाकीतलं जुनं इंधन आणि गाळ काढा, फिल्टर बदला, ऑइल बदला, कूलिंगमध्ये पाणी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी कुठून गळतंय ते बघा. पुन्हा बारने फिरवा. ऑइल प्रायमिंग (स्टार्टच्या आधी इंजिनात ऑइल फिरवणं) करून प्रेशर येतंय याची खात्री करा. पहिल्या स्टार्टला एक माणूस फक्त इंधन बंद करायच्या लिव्हरजवळ उभा, दुसरं काही काम नाही, आणि दोन जण अग्निशामक घेऊन.

चाललं म्हणजे सर्व्हिसला लागलं असं नाही. २००६ च्या रेल्वे सुरक्षा नियमांनुसार प्रत्येक हेरिटेज रेल्वेची स्वतःची सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम असते, त्यात तुमच्या लोकोची फिटनेस तपासणी, ब्रेक टेस्ट, मेंटेनन्सचं वेळापत्रक बसवावं लागतं, ऑफिस ऑफ रेल अँड रोड या सरकारी संस्थेचा इन्स्पेक्टर कधीही येऊन कागद मागू शकतो. ड्रायव्हरना त्या क्लासवर ट्रेनिंग आणि परीक्षा, वाफेवर ३० वर्षं काढली म्हणून डिझेल आपोआप येत नाही, काही ज्येष्ठ मंडळींना हे सांगताना गोड बोलावं लागतं.

चालवताना एक खास त्रास आहे. ही लोको शेकडो टन ओढायला बनलेली, आपण त्यांना पाच डबे लावून ताशी ४० किलोमीटरच्या स्पीडने फिरवतो, इंजिन कधी धड तापतच नाही, न जळलेलं ऑइल एक्झॉस्टमध्ये साचतं आणि मग गालाच्या दिवशी कोणीतरी चढावर फुल पॉवर दिली की वरून ज्वाळा. रुळाकडेचे फॅन खुश, ते त्या आवाजासाठीच आलेले असतात, रेल्वे नाखुश. अधूनमधून लोकोला जड गाडी मुद्दाम द्या आणि तासन्तास आयडलवर ठेवू नका.

संध्याकाळी बंद करताना हँडब्रेक, चाकांना वेज, बॅटरीचा मेन स्विच बंद. एकाने हा स्विच विसरला की पुढच्या शनिवारी बॅटऱ्या सपाट, आणि सपाट बॅटऱ्या हिवाळ्यात गोठतात. आम्ही कॅबच्या दारावर मराठीत पण पाटी लावलीय, "स्विच बंद केला का रे?", इथल्या कोणाला वाचता येत नाही पण ती बघून आठवतं म्हणतात.

रंगाचं मी लिहिणार नव्हतो, पण विचारणारच. जुना हिरवा की ब्रिटिश रेल्वेचा निळा, यावर आमच्या तीन मीटिंगा गेल्या, मतं समान पडली आणि शेवटी एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा मारला. गालाला लोक दोन्हीकडून फोटो काढतात.